बॅरिस्टर होताना: आधी वेळापत्रक, मग नोकरी, मग घर

पुण्या-मुंबईत एलएल.बी. करून इंग्लंडच्या बारकडे निघालेली मुलं-मुली मला भेटतात, तेव्हा पहिला प्रश्न हमखास खोलीचा असतो. लंडनमध्ये हॅरोला बघू की ईस्ट हॅमला? भाडं किती पडेल? मी त्यांना म्हणते, खोली सगळ्यात शेवटी. आधी पुढच्या तीन वर्षांचं कॅलेंडर कागदावर काढ, त्यात नोकरीचे तास बसव, आणि मग त्या दोन्हींना जवळ पडेल असं घर शोध. मी स्वतः हा क्रम उलटा केला होता आणि त्याची किंमत पैशापेक्षा झोपेत जास्त मोजली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुसरं एक सुरुवातीलाच सांगायला हवं. बहुतेक जण फक्त कोर्सच्या वर्षाचा हिशेब करतात. खरी ओढाताण होते ती कोर्स संपल्यावर प्युपिलेज, म्हणजे वर्षभराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, सुरू होईपर्यंतच्या काळात, आणि त्यानंतर प्युपिलेज संपल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. घर आणि काम हे दोन काळ डोळ्यासमोर ठेवून ठरवायचं असतं.

पायरी १: पूर्ण रस्ता कागदावर काढा

इंग्लंड आणि वेल्समध्ये बॅरिस्टर होण्याचे तीन टप्पे आहेत. पहिला शैक्षणिक, म्हणजे कायद्याची पदवी. भारतातली पदवी असेल तर बार स्टँडर्ड्स बोर्ड या बॅरिस्टरांच्या नियामक संस्थेकडे अर्ज करून ती कितपत धरली जाते ते लेखी घ्यावं लागतं. काही विषय पुन्हा करायला सांगू शकतात. दुसरा टप्पा म्हणजे बार कोर्स. तो सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चारपैकी एका इनचं, म्हणजे बॅरिस्टरांच्या लंडनमधल्या जुन्या संस्थेचं, सदस्य व्हावं लागतं. इनमध्ये दहा ‘क्वालिफायिंग सेशन्स’, म्हणजे इनची व्याख्यानं, सराव, भोजनं असे कार्यक्रम, पूर्ण करायची आणि कोर्स पास व्हायचं, की ‘कॉल’ होतो, म्हणजे बॅरिस्टर ही पदवी मिळते. पण वकिली करता येत नाही. त्यासाठी तिसरा टप्पा, बारा महिन्यांचं प्युपिलेज. पहिले सहा महिने वरिष्ठांच्या हाताखाली बघायचं, दुसऱ्या सहा महिन्यांत स्वतः कोर्टात उभं राहायचं. कोर्स संपल्यापासून पाच वर्षांत प्युपिलेज सुरू झालं पाहिजे.

आता यात तारखा भरा. इनच्या शिष्यवृत्तीचे अर्ज कोर्सच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, आणि चारपैकी एकाच इनकडे अर्ज करता येतो. प्युपिलेजच्या जागा ‘प्युपिलेज गेटवे’ या अर्जांच्या संकेतस्थळावर नोव्हेंबरअखेर दिसू लागतात, अर्ज जानेवारी ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, ऑफर मे महिन्यात. मात्र ही ऑफर बहुधा त्याच्या पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूसाठी असते. म्हणजे तुमचा कोर्स सप्टेंबर २०२६ ते जून २०२७ असेल आणि तुम्ही कोर्स चालू असताना जानेवारी २०२७ मध्ये पहिला अर्ज केला, पहिल्याच फटक्यात जागा मिळाली, तरी प्युपिलेज सुरू होईल ते २०२८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मधे सव्वा वर्ष मोकळं. आणि पहिल्या फटक्यात मिळणं सोपं नाही: दरवर्षी दोन हजारांहून जास्त विद्यार्थी बार कोर्सला बसतात, प्युपिलेजच्या जागा साधारण पाच-सहाशे.

हा खंड अपयश समजू नका. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ग्रेज इनमध्ये १९१६ साली दाखल झालं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. पुढे मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि १९२२ मध्ये ग्रेज इननं त्यांना बारमध्ये घेतलं. प्रिमरोज हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरचं ज्या घरात ते तेव्हा राहत होते, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं; मराठी माणूस तिथे जातो तो दर्शनाला. मी तिथे गेले की मला त्या तीन वर्षांच्या खंडाची आठवण होते. कमवायला थांबून पुन्हा येणं हा या रस्त्यावरचा जुना, सन्मानाचा मार्ग आहे.

पायरी २: व्हिसा काय करू देतो ते आधी वाचा

इथे दोन वेगळी माणसं धरू. एक थेट भारतातून स्टुडंट व्हिसावर येणारा. दुसरी, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे आधीच स्लाव किंवा हॅरोत राहणारी, जिच्याकडे महाराष्ट्रातली एलएल.बी. आहे. दोघांची गणितं पूर्ण वेगळी आहेत.

स्टुडंट व्हिसावर पूर्णवेळ कोर्स करणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात, सरासरी चालत नाही. एका आठवड्यात १२ आणि पुढच्यात २८ केले तर नियम मोडला. स्वयंरोजगार अजिबात चालत नाही. सायकलवरून खाणं पोचवणं, घरबसल्या भाषांतर, भारतातल्या अशिलासाठी फीवर मसुदा करून देणं हे सगळं त्यात येतं. जो माणूस उद्या इनसमोर आपण योग्य आणि प्रामाणिक आहोत असं लिहून देणार आहे, त्यानं हे नियम अक्षरशः पाळावेत. अर्धवेळ कोर्ससाठी स्टुडंट व्हिसा मिळालाच तर त्यावर काम करायची मुभा नसते.

पैशांचा पुरावा: नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याच्या खर्चासाठी लंडनला दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, खात्यात सलग २८ दिवस दिसावे लागतात. फी वेगळी. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. आणि घरच्यांशी आधी बोलून घ्यायची गोष्ट अशी की जानेवारी २०२४ पासून अशा कोर्सवर येणाऱ्याला जोडीदार किंवा मुलं डिपेंडंट म्हणून आणता येत नाहीत. लग्न ठरलेल्या मुला-मुलींनी हे साखरपुड्याआधी स्पष्ट सांगावं.

कोर्सनंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळू शकतो. बार कोर्स त्यात बसतो. त्यावर स्वयंरोजगारही चालतो. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी अठराच महिने मिळणार आहे. वरचं सव्वा वर्ष आणि प्युपिलेजचे बारा महिने मिळवून बघा: व्हिसा मधेच संपतो. म्हणून चेंबर्सशी (बॅरिस्टर मिळून चालवतात ते कार्यालय; प्युपिलेज बहुधा तिथेच होतं) बोलताना प्युपिलेजसाठी इंग्लंडच्या बार कौन्सिलमार्फत, म्हणजे बॅरिस्टरांच्या संघटनेमार्फत, मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसाची चौकशी मुलाखत झाल्याबरोबर करा, शेवटच्या महिन्यात नव्हे.

डिपेंडंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला ही बंधनं नाहीत. ती पूर्णवेळ नोकरी, अर्धवेळ कोर्स, स्वतःचं काम सगळं करू शकते. या वर्गातल्या बायका-पुरुषांनी हा रस्ता फार कमी वेळा विचारात घेतलेला मी पाहिला आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद असेल तर तिकडेही लक्ष द्या. वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. आणि ज्यांची भारतात कोर्टात काही वर्षं नियमित वकिली झाली आहे, त्यांनी आधी बोर्डाकडे ‘परदेशी पात्र वकील’ म्हणून सवलत मागावी. बार ट्रान्सफर टेस्टच्या वाटेनं बार कोर्स आणि काही वेळा प्युपिलेजही टळू शकतं. ज्याला हे लागू आहे त्यानं या लेखातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

पायरी ३: कोर्सचा साचा निवडा

फी साधारण १३ ते २० हजार पौंडांच्या दरम्यान आहे. परदेशी विद्यार्थ्यांना काही ठिकाणी जास्त. पण माझ्या मते फीपेक्षा कोर्सचे वार आणि तास आधी विचारावेत.

पूर्णवेळ कोर्स साधारण नऊ ते बारा महिन्यांचा. आठवड्यातले सगळे दिवस वर्ग नसतात, पण प्रत्येक वर्गासाठी तयारी करून जावंच लागतं, कारण तिथे तुम्ही उभे राहून युक्तिवाद करता आणि त्याचं चित्रीकरण होतं. अर्धवेळ कोर्स दोन वर्षांचा असतो, वर्ग बहुधा शनिवार-रविवारी. नोकरी टिकते, पण दोन वर्षं सुट्टी नावाचा प्रकार राहत नाही.

चॅन्सरी लेनवरच्या इन्स ऑफ कोर्ट कॉलेज ऑफ अॅडव्होकसीचा कोर्स दोन तुकड्यांत आहे. दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेचा पहिला भाग ऑनलाइन, स्वतःच्या गतीनं. दुसरा भाग प्रत्यक्ष वर्गात. पहिल्या भागात नोकरी सोडावी लागत नाही आणि लंडनचं भाडंही भरावं लागत नाही. त्या परीक्षांत अडखळलात तर दुसऱ्या भागाचे पैसे अजून गेलेले नसतात. डिपेंडंट वर्गासाठी मला ही रचना सगळ्यात शहाणपणाची वाटते. भारतातून येणाऱ्यानं मात्र दुसऱ्या भागाला व्हिसा कोण देणार, आणि काही अभ्यास भारतात झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसाच्या अटीत आपण बसतो का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावं.

लंडनचा हट्ट सोडता आला तर सोडा. कार्डिफ, ब्रिस्टल, मँचेस्टर, नॉटिंगहॅम, न्यूकॅसल इथेही बार कोर्स होतो आणि खोली बरीच स्वस्त पडते. दहा सेशन्ससाठी लंडनच्या फेऱ्या होतात, पण काही सत्रं तुमच्या भागात होतात आणि विंडसरच्या कंबरलँड लॉजसारख्या ठिकाणच्या निवासी शनिवार-रविवारात एकाहून जास्त सेशन्स पदरात पडतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला रेलकार्डानं तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते.

पायरी ४: नोकरी

आकडा आधी. एप्रिल २०२६ पासून २१ किंवा जास्त वयाच्या माणसाचं किमान वेतन तासाला १२.७१ पौंड. वीस तासांचे आठवड्याला २५४ पौंड, महिन्याला साधारण ११००. लंडनच्या तिसऱ्या-चौथ्या झोनमधली, म्हणजे मध्यापासून थोडी लांबची, बरी खोली ८०० ते १,००० पौंड घेते. म्हणजे विद्यार्थ्याच्या अर्धवेळ नोकरीतून खोली निघते, फार तर किराणा. फी त्यातून निघेल या भरवशावर कुणीही विमानात बसू नये.

काम निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगते. कामाचे तास आठवडाभर आधी ठरतात का? परीक्षेच्या आठवड्यात रजा मिळते का? आणि प्युपिलेजच्या अर्जात त्या कामाबद्दल चार ओळी लिहिता येतील का? दुकानातली किंवा कॅफेतली पाळी पहिल्या दोन्हींत बहुधा नापास होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं काम, परीक्षा-पर्यवेक्षण, शिकवण्यांच्या संस्थेत पगारी नोकरी ही बरी. पूर्णवेळ काम करता येणाऱ्यांसाठी सॉलिसिटरच्या फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांचा साहाय्यक), लॉ कमिशनमध्ये संशोधन साहाय्यक, अपील कोर्टातल्या न्यायमूर्तींचा न्यायिक साहाय्यक. शेवटच्या दोन्हींची भरती ठरावीक हंगामात होते. कॅलेंडरवर त्याही तारखा लिहा.

बिनपगारी कामातलं एक मात्र सोडू नका. फ्री रिप्रेझेंटेशन युनिट या मोफत वकिली करणाऱ्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन रोजगार किंवा सामाजिक सुरक्षेच्या न्यायाधिकरणापुढे खऱ्या माणसाची खरी केस चालवता येते. माझ्या पहिल्या केसमधल्या बाईंचा निकाल लागल्यावर त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नव्हता. मुलाखतीत मी त्याच केसबद्दल बोलले.

पायरी ५: आता घर

मी अर्धवेळ कोर्सला प्रवेश घेतला तेव्हा वेळापत्रक यायच्या आधीच आम्ही मेट्रोपॉलिटन लाइनवर लांबचं घर घेतलं. नोकरीला सोमवार ते शुक्रवार ते सोयीचं होतं. वर्ग निघाले शनिवार-रविवारी, आणि लंडनमध्ये रुळांची दुरुस्ती निघते तीही शनिवार-रविवारीच. पर्यायी बस, मग दुसरी लाइन, हातात फाइल; नऊच्या वर्गासाठी सहाला उठून निघायचं. म्हणून घर बघताना तुमचे वर्ग ज्या वारी आहेत त्याच वारी, त्याच वेळेला एकदा तो प्रवास करून बघा. आणि शक्यतो दोन वेगळ्या लाइन चालत गाठता येतील असं घर घ्या.

आपल्या लोकांच्या वस्त्यांपैकी इल्फर्ड आणि साउथहॉल एलिझाबेथ लाइनवर आहेत. थेट फॅरिंग्डनला उतरून चॅन्सरी लेनचा परिसर चालत गाठता येतो. हाउन्स्लोहून पिकॅडिली लाइन थेट हॉबर्नला आणते, पण पाऊण तासाहून जास्त लागतो. रोज दोन तास गाडीत जाणार असतील तर उभ्यानं नव्हे, बसून जाता येईल असं स्टेशन निवडा. माझा दिवाणी प्रक्रियेचा निम्मा अभ्यास गाडीत झाला. पूर्णवेळ विद्यार्थ्याला १८+ स्टुडंट ऑयस्टर या लंडनच्या प्रवासाच्या कार्डावर ट्रॅव्हलकार्डात ३० टक्के सूट मिळते.

खोलीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही: या शिक्षणात मोठ्यानं बोलावं लागतं. रात्री दहाला आरशासमोर उभं राहून जामिनाचा अर्ज पाचव्यांदा म्हणायचा असतो. पातळ भिंतीचं, सहा जणांचं घर स्वस्त असेल, पण तिथे तुम्ही कुजबुजत तयारी कराल आणि ती वर्गात ऐकू येईल. घरमालकाला हे आधी विचारा. वाचनासाठी इनचं ग्रंथालय आहेच. सत्रात शनिवारीही चारपैकी एक आळीपाळीनं उघडं असतं.

ओळखीतल्या मराठी कुटुंबात एक खोली घेऊन राहणं खूप जणांना आवडतं, आणि पहिले दोन महिने त्याच्यासारखा आधार नाही. गरम आमटी-भात मिळतो, बँक खातं उघडायला काका सोबत येतात. पण काकूंनी वाढून ठेवलेलं असताना ‘आज मी खोलीतच जेवते’ म्हणणं जमत नाही, आणि गणपतीच्या दिवसांत पाहुण्यांसमोर दार लावून बसता येत नाही. त्यामुळे भाडं, स्वयंपाकघराच्या वेळा, आणि परीक्षेचे आठवडे हे पहिल्याच दिवशी मोकळेपणानं बोला. नात्याला ते बरं असतं.

कायद्याच्या बाजूनं थोडक्यात. डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि भाडेकराराच्या घरात ते ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा व्हावं लागतं. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये खासगी मालकाला एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ घेता येत नाही, मुदतबंद करार गेले, आणि भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. प्युपिलेजसाठी शहर बदलणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. पण पूर्वी परदेशी विद्यार्थी सहा महिन्यांचं भाडं भरून जामीनदाराचा प्रश्न मिटवायचे, तो मार्ग बंद झाला. त्यामुळे इथला जामीनदार किंवा जामीन देणारी सेवा यांची सोय निघण्याआधी करा. मालकाच्याच घरात एक खोली घेतलीत तर यातलं बरंच संरक्षण लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि घर न पाहता, केवळ फोटोवर पैसे पाठवू नका. पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरत्या जागेत काढलेले परवडतात.

कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथला घरावरचा स्थानिक कर, हा माझा दुसरा धडा. पूर्णवेळ विद्यार्थ्याला तो माफ असतो. मी विद्यार्थिनी आहे म्हणून मलाही माफ असेल असं धरून चालले आणि काही महिन्यांनी थकबाकीसह बिल आलं, कारण पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान २१ तासांचा अभ्यास, वर्षातले किमान २४ आठवडे. अर्धवेळ कोर्स त्यात बसत नाही. प्युपिलेज सुरू झालं की सूट जातेच. चौघांच्या घरात तुम्ही एकटेच ‘विद्यार्थी नसलेले’ झालात तर त्या घराची पूर्ण माफी तुमच्यामुळे जाते. ते पैसे कोण भरणार हे करारात लिहून घ्या.

पायरी ६: प्युपिलेजचं वर्ष आणि त्यानंतर

प्युपिलेजला किमान मानधन असतं. २०२४ मध्ये ते लंडनला वर्षाला २३,०७८ आणि बाहेर २१,०६० पौंड होतं, आणि दरवर्षी बदलतं. मोठी व्यापारी चेंबर्स याच्या कितीतरी पट देतात, आणि त्यातली काही जण मानधनाचा एक भाग कोर्सच्या वर्षीच उचलू देतात. ऑफर मिळाली की हे विचारायला लाजू नका. दुसऱ्या सहा महिन्यांत तुमची कमाई किमान रकमेपेक्षा कमी पडली तर फरक चेंबर्सनं भरायचा असतो. या वर्षात दुसरी नोकरी करायची झाली तर चेंबर्सची संमती घ्या. खरं सांगायचं तर वेळच उरत नाही.

फौजदारी कामात दुसरे सहा महिने सुरू झाले की संध्याकाळी चेंबर्समध्ये कामं वाटणाऱ्या क्लार्कचा निरोप येतो: उद्या सकाळी चेम्सफर्ड. परवा ल्यूटन, तेरवा गिल्डफर्ड. तेव्हा चेंबर्स असतात त्या टेंपलजवळ राहण्यापेक्षा मोठ्या जंक्शनजवळ राहणं उपयोगी पडतं. स्ट्रॅटफर्ड, क्लॅपहम जंक्शन, ईस्ट क्रॉयडन, फिन्सबरी पार्क ही नावं म्हणून लिहून ठेवा. दिवाणी किंवा व्यापारी चेंबर्समध्ये मात्र दिवस टेबलाशी जातो आणि रात्री उशिरा निघावं लागतं. तिथे चेंबर्सच्या जवळची लहान खोली बरी.

प्युपिलेज संपून चेंबर्समध्ये जागा मिळाली की तुम्ही स्वयंरोजगारी. काम आज करायचं, पैसे काही महिन्यांनी. सरकारी मदतीच्या केसेसमध्ये आणखी उशिरा. चेंबर्सचा वाटा त्यातून जातो, आणि ३१ जानेवारीला कर. पहिल्या वर्षी त्या दिवशी मागचा कर तर भरावा लागतोच, पुढच्या वर्षाचा आगाऊ हप्ताही बहुधा सोबत असतो. प्रत्येक चेकमधला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि तीन महिन्यांचं भाडं बाजूला असल्याशिवाय मोठ्या घरात जाऊ नका. घर विकत घ्यायचा विचार असेल तर बँका साधारणपणे स्वयंरोजगाराचे दोन वर्षांचे हिशेब मागतात; जोडीदाराचा पगार असेल तर कर्जाचा अर्ज त्याच्या किंवा तिच्या जोरावर आधी करता येतो का, हे कर्जाच्या दलालाला विचारा. आम्ही ते विचारलं, आणि आमच्या चावीची तारीख माझ्या प्युपिलेजच्या पहिल्या सोमवारच्या दोन आठवडे आधीची निघाली.